भरल्या पोटी

सोमवार, ३ फेब्रुवारी

धाकटीचा मणका दबला आहे. डॉक्टरीणबाईंनी 'मोडला' असा शब्द वापरला नाही, 'दबला' म्हणाल्या आणि फोटो उजेडावर धरून दाखवला. बाकीचे मणके ठोकळ्यांसारखे चौकोनी, हा एक पुढच्या बाजूने चेपून पाचरीसारखा झालेला. मी सुतार माणूस, मला ते लगेच कळलं. असा एक ठोकळा खांबात आला की वरचं सगळं पुढे झुकतं.

पडली नाही, कुठे आपटली नाही. शनिवारी दुकानात वाकून पांढऱ्या रंगाचा डबा उचलला आणि "आई गं" म्हणून तिथेच खाली बसली. एवढंच झालं. माझी बहीण त्रेचाळीस वर्षांची आहे, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. या वयात डबा उचलून मणका दबतो का, असं मी विचारलं.

"यांचा दबतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धाकटीच्या आतड्याचा आजार गेली सोळा वर्षं त्याच सांभाळतात. आतड्याला सूज येते, आत जखमा होतात, काही महिने बरे जातात, पुन्हा तेच. एकदा लहान आतड्याचा तुकडा कापूनही काढला आहे. "ही सूज हाडंही झिजवते. सूज उतरवायला वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, त्याही झिजवतात. हाडांना लागतं ते व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम यांचं आतडं धड शोषून घेत नाही. त्यात यांनी पोटाला भिऊन दूधही सोडलं."

"म्हणजे पोटानं हाडं विकून खाल्ली," धाकटी म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसता आलं नाही. घरी आल्यावर देवासमोर बसलो, पण नेमकं काय मागावं ते सुचेना. दबलेला मणका पुन्हा चौकोनी कर, असं मागायला जीभ रेटली नाही. माझ्याकडे कुणी चिरफाळलेली फळी आणून सांधा न दिसता जोडून मागतं, तेव्हा मलाही राग येतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हाडांची घनता मोजून झाली. यंत्राखाली नुसतं पडून राहायचं असतं, काही टोचत नाही. धाकटीला तेवढ्यात झोप लागली. रक्तही तपासलं. व्हिटॅमिन डी तीसच्या वर असायला हवं, तिचं नऊ आहे.

आमचं दुकान पाट्यांचं. फळ्या, चौकटी, शिड्या माझ्या आणि अक्षरं तिची. हल्ली बहुतेक पाट्या छापून मिळतात, पण ज्यांना हाताचं अक्षर हवं असतं ते शोधत आमच्याकडे येतात. गावच्या शाळेत मास्तरांनी माझंही अक्षर घोटून घेतलं होतं. ते नीट आहे, खुर्चीसारखं चार पायांवर उभं राहतं. तिचं अक्षर मात्र चालायला निघालेलं असतं. वीस वर्षं तिची शिडी धरून उभा आहे, अजून मान वर करून बघायचा कंटाळा आला नाही.

वाचनालयाच्या मोठ्या दालनात छताखाली चारी भिंतींवरून मुळाक्षरांची पट्टी फिरते. काळ्यावर सोनेरी, हात-हातभर उंच अक्षरं. सगळी उडून गेली आहेत. ती पुन्हा लिहायचं काम ग्रंथपालांनी तिला सांगितलं आहे आणि दालन नूतनीकरणानंतर वर्षअखेरीला उघडायचं आहे. असं काम तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं, आणि पुन्हा मिळेलसं वाटत नाही. कित्येक महिने ती घरी कागदावर अक्षरं काढते आहे, काढून फाडते आहे.

आज डॉक्टरीणबाईंनी शिडी बंद केली.

"घसरलात तर पुढचा नंबर खुब्याचा," त्या म्हणाल्या. "आधी हे डी वर आणू. तीसच्या वर गेलं की हाडांसाठी वर्षातून एकदा द्यायचं सलाइन देता येईल. आत्ता दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येईल. सलाइन झालं, पाठीचे स्नायू धरले, की वर चढायचं काय ते बघू."

"म्हणजे सगळं त्या एका आकड्यावर," धाकटी म्हणाली.

"आधी त्या आकड्यावर."

रोज कॅल्शियम, दोन भागांत. आठवड्यातून एकदा व्हिटॅमिन डीची मोठी कॅप्सूल, बारा आठवडे. चालणं, आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जाणं. औषधाच्या दुकानदाराने कॅप्सूलच्या पाकिटावर पेनाने गोल केला आणि म्हणाला, "ही आठवड्याची आहे, रोज घ्यायची नाही हं. भरल्या पोटी." ते लोक सगळ्याच गोळ्यांना भरल्या पोटी म्हणतात, पित्त होऊ नये म्हणून. धाकटीला बाकी सगळं आहे, पित्त तेवढं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बस आगाराचं काम मिळालं. फलाटांच्या आकड्यांच्या आणि गावांच्या नावांच्या पाट्या. सगळ्या खाली, स्टुलावर बसून लिहिता येतील अशा. तिला झेपेल म्हणून मीच हो म्हणालो. दर बुधवारी जायचं, त्या दिवशी तिथे गाड्या कमी असतात.

कुठलंही नवं काम आलं की धाकटी आधी संडास कुठे आहे ते विचारते, मग भिंत बघते. आज आगारातही तेच विचारलं. एक आहे, पण कुलूप असतं. किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदार कुठे असतो ते कुणाला माहीत नाही. तिने पाट्या मोजल्या आणि आम्ही परत आलो.

वाटेत म्हणाली, "दादा, मीही बुधवारी तुझ्याबरोबर उपास करीन म्हणते."

मला चालता चालता थांबावं लागलं. माझा बुधवारचा उपवास आईच्या मोठ्या दुखण्यापासूनचा. ती एका बुधवारी उठून बसली, तेव्हापासून मी सोडला नाही. दिवसभर फक्त पाणी. धाकटीने त्याची आजवर थट्टाच केली. "तुझ्या देवाला तुझं जेवण नको असेल तर इकडे दे," म्हणायची. मला चिडवायचं असलं की 'महाराज' म्हणते. ती स्वतःहून उपवास मागते आहे. दुखण्याने माणूस कुठे कुठे पोचतं.

मग मला सुचलं, कॅप्सूलही बुधवारीच घ्यावी. विसरायला नको, आणि पोट रिकामं असेल. आम्ही फळीला अस्तराचा पहिला हात देतो तो कोऱ्या लाकडावर. जुना रंग, मेण, तेल, काही म्हणून राहू देत नाही, नाहीतर अस्तर धरत नाही. औषधाचंही तसंच असणार. तिला सांगितलं, तर तिलाही पटलं. तिनेही वीस वर्षं अस्तर दिलेलं आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पहिली कॅप्सूल. पहाटेच्या प्रार्थनेनंतर, पाण्याबरोबर. मी डोळे मिटून उभा होतो. तिने मिटले होते की नाही बघितलं नाही, बघू नये.

बुधवार, ५ मार्च

आगारात ती सकाळी स्टुलावर बसली ती दुपार उलटेपर्यंत उठली नाही. इतर दिवशी दुकानात तिला घटकाघटकाला उठावं लागतं. बुधवारी पोट कसं शांत असतं. मी हे तिला म्हटलं, तर म्हणाली, "असणारच ना, महाराज." बोलण्यात चेष्टा होती, पण चेष्टेच्या आड लाज असते. नव्याने वळलेल्या माणसाला ती असते.

आठाचा आकडा तिने दोन गोल जोडून काढला नाही. एकाच ओढीने, वरून सुरुवात करून, वळसा घेऊन पुन्हा तिथेच. डाव्या हाताची मूठ फळीवर, मुठीवर उजवं मनगट. ड्रायव्हर, कंडक्टर चहाचे पेले घेऊन मागे उभे राहतात. एक जण म्हणाला, "ताई, आमच्या गाडीला पण काढा की असा नंबर, लोक बघत बघत चढतील."

"बघत बघत चढले तर पडतील," ती म्हणाली. "पडायचं कसं नाही ते मी हल्ली शिकतेय."

संध्याकाळी घरी येऊन तिने एवढं खाल्लं की मी बघत राहिलो. चक्करही आली म्हणाली. उपवासाची सवय व्हायला वेळ लागतो.

शनिवार, १५ मार्च

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला बरंच काही दिलं आहे. टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, भिंतीला हात लावून दंड काढणं. हाडावर भार पडला की हाड टिकतं, असं त्या म्हणतात. लाकडाचं असं नसतं. लाकूड भाराने वाकतं. हाड भाराने घट्ट होतं, हे ऐकून मला देवाचं फार कौतुक वाटलं.

ती कामाच्या टेबलाला धरून टाचा उचलते आणि प्रत्येक वेळी एकेका गिऱ्हाइकाचं नाव घेऊन शिवी देते. मोजायची वेगळी गरज पडत नाही.

गुरुवार, १० एप्रिल

पोट बिघडलं आहे. तीन दिवस दुकान बंद. पुन्हा स्टेरॉइडची वेळ येते की काय, ही धास्ती दोघांनाही होती, कुणीच बोलून दाखवली नाही. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या औषधाचा डोस वाढवून भागवलं.

आज सकाळी देवाला म्हणालो, दोघं उपवास करतोय, तरी? मग लाज वाटली. हा काय सौदा आहे? पण म्हणालो ते म्हणालो, म्हणून लिहून ठेवतो.

मंगळवार, ६ मे

बारा आठवडे होऊन रक्ताची तपासणी झाली. चौदा.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला. "नऊवरून चौदा. कॅप्सूल चुकल्या का मधे?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"मग आतडं घेतच नाहीये. इंजेक्शनकडे वळावं लागेल." त्या लिहायला लागल्या आणि थांबल्या. "कशाबरोबर घेता?"

"पाण्याबरोबर."

"जेवणानंतर किती वेळाने?"

मी सगळं सांगितलं. बुधवार, उपवास, रिकामं पोट. अस्तराचंही सांगितलं, आणि सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

"हे व्हिटॅमिन तेलात विरघळणारं आहे," त्या म्हणाल्या. "पोटात लोणी, तेल, अंडं, काहीतरी स्निग्ध असलं तर ते त्याच्या सोबतीनं आत जातं. तुम्ही त्याला एकटंच पाठवलंत. धडधाकट माणसाचं आतडं त्यातूनही बरंच उचलतं. यांचं तोकडं, त्यात सुजलेलं." मग धाकटीकडे वळल्या. "आणि या आजारात उपास करायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

मी 'मी' म्हणणार होतो. त्याआधी धाकटी म्हणाली, "कुणी नाही. आगारातला संडास बंद असतो. पोटात काही नसलं की जावं लागत नाही, म्हणून मी बुधवारी जेवत नाही. दादाचा उपास होताच, त्याच्याच नावावर माझाही खपवला."

खोलीत पंखा फिरत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"आणखी आठ आठवडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवसाच्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर. तरी वर आलं नाही तर इंजेक्शन. आणि बाई, कुठल्याही कामासाठी उपाशी राहायचं नाही."

जिना उतरताना तिने माझा हात धरला. एरवी धरत नाही. "रागावलास?"

"नाही."

"मग तोंड असं का?"

काय सांगणार? तीन महिने रोज तिच्या भक्तीबद्दल मी देवाचे आभार मानले आहेत. आता ते परत कसे घ्यायचे?

बुधवार, ७ मे

मी उपवास धरावा की नाही, हे सकाळी ठरेना. धाकटीनेच सोडवलं. "तू कर. तुला तो अंगी लागतो. मी जेवते. कॅप्सूलचा दिवस बुधवारच ठेवू, मला आता लक्षात राहतो." डब्यात उकडलेली अंडी, भात आणि लोणी लावलेला पाव घेतला.

आगारात गेल्या गेल्या ती स्टुलावर न बसता आगारप्रमुखांच्या टेबलाकडे गेली. तिथे पाच-सहा ड्रायव्हर सही करायला उभे होते. ते बाजूला होतील म्हणून थांबलीही नाही.

"साहेब, संडासाची किल्ली पाहिजे."

"रखवालदाराकडे असते."

"रखवालदार कुठे असतो?"

"असेल इथेच कुठेतरी."

"तो इथेच कुठेतरी सापडेपर्यंत माझं काम होऊन जाईल," ती म्हणाली. "मला आतड्याचा आजार आहे. दिवसातून सात-आठ वेळा जावं लागतं आणि लागलं की थांबता येत नाही. तीन महिने मी इथे उपाशी बसून तुमचे आकडे लिहिले. आजपासून जेवणार आहे. किल्ली माझ्याजवळ राहील, संध्याकाळी परत देईन."

मी दाराशी फळ्या घेऊन उभा होतो. माझे कान तापले होते. सोळा वर्षांत या आजाराचं नाव आम्ही घराबाहेर कधी काढलं नाही. कुणी विचारलं तर 'पोटाचं जरा' म्हणायचं. आणि ती सहा परक्या पुरुषांसमोर, रंगाचा भाव सांगावा तशी सांगत होती.

आगारप्रमुख खुर्चीत हलले. मागचा एक ड्रायव्हर म्हणाला, "ताई, आम्ही इथे बारा वर्षं आहोत. ती किल्ली आम्हीही पाहिलेली नाही."

सगळे हसले, तेही हसले, आणि रखवालदाराला शोधायला माणूस पाठवला. किल्ली मिळाली. कुलूप तेल घातल्यावर उघडलं. पाणी येत होतं.

दुपारी ती स्टुलावर बसून डबा खात होती. मी शेजारी पाणी पीत होतो. शेवटच्या घासाबरोबर कॅप्सूल घेतली. तेवढ्यात एक कंडक्टर बाई आली, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "ती किल्ली मला जरा द्याल? मी सकाळपासून पाणी प्यायले नाही."

धाकटीने कमरेची किल्ली काढून दिली. मला म्हणाली, "बघ, इथेही एक उपासवाली निघाली."

रविवार, ८ जून

ती पाठ सरळ ठेवून वाकायला शिकली आहे. गुडघ्यात वाकते, डबा अंगाशी धरते. खरं तर भरलेला डबा मी तिला उचलू देत नाही. ती म्हणते, अर्धा भरून ठेव, मी उचलीन. मी पूर्ण भरून ठेवतो.

मंगळवार, १७ जून

ग्रंथपाल दुकानात आले. धाकटी व्यायामाला गेली होती. ते सज्जन गृहस्थ आहेत, अवघडून बोलत होते. कुणीतरी त्यांना छापील सोनेरी अक्षरं चिकटवून देतो म्हणाला आहे, दोन दिवसांचं काम. "पण बाईंचं अक्षर ते बाईंचं. त्या चढू शकतील का, तेवढं सांगा."

मी दालन डोळ्यांसमोर आणलं. छत आणलं. पाचरीसारखा तो मणका आणला. म्हणालो, "नाही चढणार ती. तुम्ही त्या चिकटवणाऱ्यालाच काम देऊन टाका."

ते खिन्न होऊन गेले. मला मात्र हलकं वाटलं. ते कसलं होतं हे तेव्हा तपासलं नाही.

धाकटी आल्यावर सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ती खुर्चीत बसली, हात न टेकता, शिकवलं आहे तशी.

"मला न विचारता नाही म्हणालास?"

"तुझ्या हाडांसाठी म्हणालो."

"हाडं माझी आहेत, दादा."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर माझीच मोडतील."  मग म्हणाली, "तू माझं फार कौतुक करतोस. लोकांना सांगतोस, माझी बहीण असं सोसते, तसं सोसते. मला देवीसारखं उचलून ठेवतोस. देवीला कुठे ठेवायचं ते कुणी तिला विचारत नाही."

मी कौतुक करतो, त्यात वाईट काय आहे, ते मला अजून समजलेलं नाही. ती अर्धवट जेवून उठली. तिच्या ताटातलं लोणी तसंच होतं, मी झाकून ठेवलं.

बुधवार, १८ जून

सकाळी ती एकटी वाचनालयात गेली आणि तासाभराने आली. ग्रंथपाल जुलैच्या तपासणीपर्यंत थांबणार आहेत. येताना व्यायामाच्या बाईंनाही विचारून आली होती. शिडी नको. बाजूला वाकून लांबवर हात न्यायचा नाही. ओझं उचलायचं नाही. पण कठडा असलेला जिना आणि वर सपाट, रुंद फळी असेल, तर हाडं परवानगी देतील तेव्हा त्यांची हरकत नाही.

हे सगळं मला सांगितलं आणि विचारलं, "अशी परांची करता येते का?"

"येते."

"माझ्याकडे बघून सांगू नकोस. लाकडाकडे बघून सांग."

मी लाकडाकडे बघून सांगितलं, येते.

बुधवार, २ जुलै

छत्तीस.

डॉक्टरीणबाईंनी कागद आमच्याकडे फिरवला. "बघा, इंजेक्शन लागलंच नाही. एवढंसं आतडं, पण सोबत मिळाल्यावर केलंच त्यानं काम." मग म्हणाल्या, ही उडी म्हणजे हाडं नवी झाली असं नाही. हाडांना वर्षं लागतात. पण पाया तयार आहे, आता सलाइन देता येईल.

बाहेर आल्यावर धाकटी बाकावर बसली आणि रडली. सोळा वर्षांत तिला एवढ्या वेळा दुखलं, तेव्हा रडली नव्हती. मी शेजारी बसलो. सांत्वन करू नये असं का कोण जाणे वाटलं, म्हणून नुसता बसून राहिलो.

शनिवार, १२ जुलै

काल सलाइन झालं. अर्ध्या तासाचं काम. रात्रीपासून तिला ताप आहे, अंग ठणकतंय. पहिल्या वेळी असं होतं, दोन दिवसांत उतरेल, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पांघरुणातून म्हणाली, "एकेक हाड हजेरी देतंय रे. इतकी आहेत हे माहीत नव्हतं."

शुक्रवार, ८ ऑगस्ट

परांची झाली. आयुष्यात शिड्या खूप केल्या, अशी वस्तू पहिल्यांदाच केली. घराच्या जिन्यासारख्या रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, मधे टेकायला एक चौथरा, वर तिला बसून आणि उभं राहून लिहिता येईल एवढी फळी. बोल्ट सोडले की सुटी होते, पुढच्या भिंतीला पुन्हा उभी करायची. चाकं लावली नाहीत. चाकावरच्या वस्तूवर माझा विश्वास नाही.

धाकटीने प्रत्येक पायरीवर टाच आपटून बघितली. "कठडा गुळगुळीत केलास," म्हणाली. त्यावर तिने आणखी काही म्हणावं अशी माझी इच्छा होती. नाही म्हणाली. पण वरच्या फळीवर बराच वेळ बसून होती.

सोमवार, २५ ऑगस्ट

आज ती वर गेली.

कठड्याला धरून, घाई न करता. रंगाचे अर्धे भरलेले डबे मी आधीच वर ठेवले होते. वाचनालयातला संडास खालच्या मजल्यावर, स्वच्छ आणि उघडा. हे काम घेताना तिने तो आधी बघून ठेवला होता. सकाळभरात चार वेळा उतरली आणि चार वेळा चढली. ग्रंथपालांना राहवलं नाही. "बाई, केवढी ही चढउतार. त्रास नाही का होत?"

"हाडांना जिना सांगितलाय," ती म्हणाली. "पोट फुकटात करून घेतंय."

ते हसावं की नाही या विचारात पडले. तिने हसून त्यांना मोकळं केलं.

मग 'अ'. आधी खडूने पुसट आकार, मग ब्रश. मूठ भिंतीवर, मुठीवर मनगट. वरचा वळसा, खालचा वळसा, मधली आडवी.  काना वरून खाली आला, शेवटी किंचित जाड झाला आणि संपला. सोनेरी रंग ओला असताना वेगळाच दिसतो. ती मागे सरकून बघायला लागली, तेव्हा मी खालून परांचीचा खांब धरला. पण ती कठड्याला टेकेपर्यंतच सरकली.

"दादा, सरळ आहे का?"

"सरळ आहे."

"नीट बघून सांग."

मी नीट बघितलं. किंचित उजवीकडे झुकलं होतं, तिची अक्षरं झुकतात तसं. "तुझंच आहे," म्हणालो.

खिडक्या उघड्या होत्या आणि शेजारच्या खोलीत माणसं जुनी कपाटं हलवत होती. मी जाऊन खिडक्या लावल्या, कपाटवाल्यांना थोडं थांबायला सांगितलं, आणि दालनाच्या कोपऱ्यात उभ्यानेच डोळे मिटून रोजची प्रार्थना उरकली.

आत्ता हे लिहिताना लक्षात येतंय की तिच्या हाडांचं मी काहीच मागितलं नाही. सहा महिन्यांत असं प्रथमच झालं. पाय घसरू नये, हेही म्हणालो नाही. रंग वाळेपर्यंत वर धूळ बसू नये, एवढंच मागून आलो.